फोटोला काठ लावताना

आजीचा एक फोटो आमच्या घरात सगळ्यांचा लाडका आहे. ओसरीवर मांडीत सूप घेऊन ती तांदूळ निवडते आहे आणि डावीकडून सकाळचं ऊन तिच्या हातांवर पडलंय. तिच्या पंच्याहत्तरीला येणाऱ्या प्रत्येकाला या फोटोची एक प्रत द्यायची ठरली. मी संगणकावर फोटोला चारी बाजूंनी बारीक पांढरी कड लावली, पडद्यावर ती छान दिसली, आणि फाइल प्रिंटला दिली. ४ बाय ६ इंचांच्या चाळीस प्रती हातात आल्या तेव्हा डावी-उजवीकडे जेमतेम एक मिलिमीटर पांढरं उरलं होतं, वर साधारण तेवढंच, आणि खाली काहीच नव्हतं. एका बाजूचा काठ उसवलेल्या साडीसारखा तो फोटो दिसत होता.

प्रिंट काढणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. चूक माझ्या फाइलच्या मापांत होती, आणि ती समजून घेताना कळलं की फोटोला कड लावणं म्हणजे दिसतं तेवढं वरवरचं काम नाही. कड किती रुंद, कुठल्या रंगाची, तिची धार सरळ की खडबडीत, यावर आतला फोटो कसा दिसेल हे ठरतं. ताटाभोवती महिरप काढली की ताटातलं अन्न बदलत नाही, पण पंगतीत त्या पानाकडे नजर जाते. फोटोच्या कडेचंही काम तेच: नजरेला सांगायचं, चित्र इथे सुरू होतं आणि इथे संपतं, बाहेरचा पसारा यातला नाही.

उदाहरणं मी ‘गिम्प’ या सॉफ्टवेअरमधली देते, कारण ते फुकट आहे आणि साध्या संगणकावरही चालतं. स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये ते लिहायला घेतलं, आणि मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० ही आवृत्ती आली. फोटोशॉप वापरणाऱ्यांना मेन्यूची नावं थोडी वेगळी दिसतील, पण कॅनव्हास, लेयर, सिलेक्शन आणि मास्क या चार कल्पना दोन्हीकडे सारख्याच. या चार समजल्या की कुठलीही कड स्वतः करता येते, तयार फ्रेमच्या ॲपवर अवलंबून राहावं लागत नाही.

आधी माप

कॅमेऱ्यातून येणाऱ्या बऱ्याच फोटोंची लांबी-रुंदी ३:२ या प्रमाणात असते. ३५ मिलिमीटर फिल्मवरची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची होती, त्याचा हा वारसा. ४ बाय ६ इंचांचा कागदही त्याच प्रमाणाचा, म्हणून साधा फोटो त्यावर न कापता बसतो. आता समजा फोटो ३६०० बाय २४०० पिक्सेलचा आहे आणि आपण चारी बाजूंना ६० पिक्सेलची कड लावली. नवं माप झालं ३७२० बाय २५२०. भागाकार केला तर १.५ ऐवजी साधारण १.४८ येतं. चारी बाजूंना सारखी कड लावली की आयताचं प्रमाण बदलतं, तो थोडा चौरसाकडे सरकतो. कागद मात्र १.५ चाच आहे. त्यामुळे कागद पूर्ण भरायचा तर वरून आणि खालून २०-२० पिक्सेल कापावे लागतात. ६० ची कड तिथे ४० वर आली.

दुसरं कारण यंत्रात आहे. कडेपर्यंत छापायचं असेल तेव्हा कागदाच्या काठाला कोरी रेघ राहू नये म्हणून प्रिंटिंगचं यंत्र फोटो किंचित मोठा करून छापतं आणि जास्तीचा भाग कागदाबाहेर जाऊ देतं. ही वाढ दोन टक्के धरली तरी डावी-उजवीकडे ३६ आणि वर-खाली २४ पिक्सेल आणखी जातात. माझ्या हिशेबात वर-खाली शेवटी उरले जेमतेम १५-१६ पिक्सेल, म्हणजे कागदावर पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. त्यात कागद यंत्रात अर्धा मिलिमीटर सरकला की एक कड गायब. सगळ्या चाळीस प्रतींत खालचीच कड गेली होती, त्याचं कारण हे.

उपाय उलट दिशेने विचार करण्यात आहे. आधी कागद, मग कड, आणि उरलेल्या जागेत फोटो. ४ बाय ६ इंच म्हणजे, इंचाला ३०० पिक्सेल धरले तर, १८०० बाय १२०० पिक्सेल. चारी बाजूंना ६० पिक्सेलची कड हवी, कागदावर ती पाच मिलिमीटर भरेल. मग आत उरतात १६८० बाय १०८०. हे प्रमाण १४:९, म्हणून मूळ फोटोच आधी १४:९ मध्ये क्रॉप करायचा. गिम्पच्या क्रॉप टूलमध्ये ‘फिक्स्ड’च्या खाली प्रमाण लिहिता येतं, तिथे १४:९ लिहिलं की चौकट दुसऱ्या कुठल्या आकाराची होतच नाही. कापायचं तर आपण ठरवून कापू, यंत्रावर सोडायचं नाही.

हा प्रश्न नवा नाही. मुघल दरबारात वेगवेगळ्या चित्रकारांची, वेगवेगळ्या मापांची चित्रं आणि सुलेखनाचे नमुने एकत्र बांधून अल्बम करत, त्याला मुरक्का म्हणत. सगळी पानं एका मापाची हवीत आणि चित्रं लहान-मोठी, म्हणून चित्र पानावर चिकटवून उरलेल्या जागेत रुंद सजवलेला समास काढत, तो हाशिया. शाहजहानच्या मुरक्क्यांतल्या हाशियांवर सोन्याच्या रेषांनी उठाव दिलेली फुलझाडं आहेत, आणि ती इतकी सुंदर आहेत की कधीकधी आतल्या चित्राच्या आधी त्यांच्याकडेच नजर जाते. पान आणि चित्र यांची मापं जुळत नाहीत, ही अडचणच त्या कलेचं मूळ.

कॅनव्हास आणि लेयर

आता प्रत्यक्ष काम. कॅनव्हास म्हणजे पाट आणि लेयर म्हणजे त्यावर ठेवलेलं ताट. पाट मोठा केला म्हणून ताट मोठं होत नाही. गिम्पमध्ये ‘इमेज’ मेन्यूतल्या ‘स्केल इमेज’ने पाट आणि ताट दोन्ही ताणले जातात, तर ‘कॅनव्हास साइज’ने फक्त पाट मोठा होतो. नवशिक्यांची पहिली गफलत इथेच होते: कड लावायला जातात आणि फोटोच मोठा करून बसतात.

फोटो १६८० बाय १०८० चा करून झाला की ‘कॅनव्हास साइज’ उघडायचं. रुंदी आणि उंचीच्या खान्यांशेजारी एक साखळी दिसते, ती दोन्ही मापं एकमेकांना बांधून ठेवते. साखळीवर क्लिक करून ती तोडायची, मग १८०० आणि १२०० लिहायचं, ‘सेंटर’ दाबायचं, म्हणजे फोटो मधोमध येईल. ‘रिसाइज’ केल्यावर फोटोभोवती करड्या चौकड्यांची जागा दिसते. त्या चौकड्या म्हणजे काहीच नाही, पारदर्शक जागा. जेपेग फाइलला पारदर्शकपणा कळत नाही, त्यामुळे ती जागा तशीच सोडली तर फाइल काढताना सॉफ्टवेअर आपल्या मनाने तिथे रंग भरतं.

म्हणून ‘लेयर’ मेन्यूतून नवा लेयर घ्यायचा, कॅनव्हासच्याच मापाचा, पांढऱ्या रंगाने भरलेला, आणि लेयरच्या यादीत तो फोटोच्या खाली ओढायचा. झाली कड. ‘कॅनव्हास साइज’च्या खिडकीत थेट रंग भरायचीही सोय आहे, ‘फिल्टर्स’मधल्या ‘डेकोर’खाली ‘ॲड बॉर्डर’ नावाचं तयार साधनही आहे. पण खालचा वेगळा लेयर मला आवडतो, कारण उद्या पांढऱ्याऐवजी मातकट रंग हवा झाला तर फक्त तो लेयर पुन्हा भरायचा. फोटोला हात लागत नाही.

पांढरी कड आणि फोटो यांच्यामध्ये केसासारखी एक गडद रेघ असली की फोटोला वेगळाच नेटकेपणा येतो, विशेषतः फोटोत कडेला फिकट आभाळ असेल तर. नाहीतर आभाळ कडेत विरघळतं आणि फोटो कुठे संपला ते कळत नाही. त्यासाठी फोटोच्या लेयरवर ‘अल्फा टू सिलेक्शन’ करून फोटोएवढी निवड घ्यायची (निवड, म्हणजेच सिलेक्शन: पुढचं काम फक्त तेवढ्याच भागावर होतं), ‘सिलेक्ट’ मेन्यूतल्या ‘ग्रो’ने ती ४ पिक्सेल वाढवायची, आणि फोटोच्या खाली पण पांढऱ्याच्या वर एक पारदर्शक लेयर घेऊन तेवढ्या निवडीत गडद रंग भरायचा. फोटोच्या मागून चारी बाजूंना ४ पिक्सेलची रेघ डोकावते. ‘ग्रो’ची एक खोड लक्षात ठेवायची: आयताकृती निवड वाढवली की तिचे कोपरे गोलसर होतात. चार पिक्सेलला ते जाणवत नाही, पण तीस-चाळीस पिक्सेल वाढवलं तर जाणवतं. मग ‘सिलेक्ट’मधल्या ‘राउंडेड रेक्टँगल’ला शून्य त्रिज्या दिली की कोपरे पुन्हा टोकदार.

खाली थोडं जास्त

जुन्या फ्रेमवाल्याकडे गेलात तर तो फोटो आणि पट्टीच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचा माउंट घालतो, आणि चांगला कारागीर खालची बाजू वरच्यापेक्षा थोडी रुंद कापतो. चारी बाजू तंतोतंत सारख्या ठेवल्या तर भिंतीवर फोटो खाली घसरल्यासारखा वाटतो, कारण डोळ्याला जो मध्य वाटतो तो मापाच्या मध्यापेक्षा किंचित वर असतो. संगणकावर हे करणं अगदी सोपं. समजा फोटो १५०० बाय १००० चा आहे. कॅनव्हास १८०० बाय १३५० करायचा आणि ‘सेंटर’ न दाबता ऑफसेटच्या दोन्ही खान्यांत १५० लिहायचं. डावी, उजवी आणि वरची कड १५० पिक्सेल, खालची २००. एवढ्याने फोटो उचलून धरल्यासारखा दिसतो. हा बदल मी एकदा करून पाहिला आणि तेव्हापासून भिंतीवर लावायच्या फोटोला चारी बाजू सारख्या ठेवल्याच नाहीत.

खालची जाड कड म्हटलं की पोलरॉइड आठवतो. १९७२ च्या एसएक्स-७० कॅमेऱ्यापासून हा आकार लोकांच्या डोळ्यांत बसला: ८८ बाय १०७ मिलिमीटरच्या कार्डावर ७९ मिलिमीटरचा चौरस फोटो. बाजूंना साडेचार-साडेचार मिलिमीटर, आणि उंचीत उरलेल्या २८ मिलिमीटरपैकी बहुतेक खाली. ती जागा लिहिण्यासाठी ठेवलेली नव्हती. त्या जाड कडेत फोटो डेव्हलप करणाऱ्या रसायनांची पुडी असायची. कार्ड कॅमेऱ्यातून बाहेर येताना दोन रुळांमधून जायचं, पुडी फुटायची आणि रसायन फोटोवर सारखं पसरायचं. पोलरॉइडसारखी कड करायची असेल तर ही मापं धरावीत. इंचाला ३०० पिक्सेलच्या हिशेबाने कार्ड १०३९ बाय १२६४ आणि फोटो ९३३ चा चौरस. खालची कड अंदाजे केली की काहीतरी खटकतं, आणि काय खटकतंय ते सांगता येत नाही.

डार्करूममधल्या काळ्या कडेलाही असंच कारण होतं. निगेटिव्हवरून कागदावर फोटो मोठा करून उमटवणाऱ्या यंत्रात, म्हणजे एनलार्जरमध्ये, निगेटिव्ह धरणारी चौकट कानशीने घासून थोडी मोठी केली की निगेटिव्हच्या भोवतालच्या पारदर्शक पट्टीतूनही प्रकाश जायचा आणि कागदावर फोटोभोवती काळी, थोडी ओबडधोबड रेघ उमटायची. ती रेघ म्हणजे छायाचित्रकाराची ग्वाही: मी काहीही कापलेलं नाही, कॅमेऱ्यात जे दिसलं ते पूर्ण इथे आहे. म्हणून चारदा क्रॉप केलेल्या मोबाइलच्या फोटोला ती रेघ लावायला मला जड जातं. साधी काळी कड जरूर लावावी, पण निगेटिव्हची नक्कल नको.

रंगाचा खेळ

गोबलँ हा पॅरिसमधला, भिंतीवर टांगायची चित्रं धाग्यांनी विणण्याचा प्रसिद्ध कारखाना. तिथल्या रंगकामाचे प्रमुख होते रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजेन शेव्हरल. काळ्या धाग्याचा रंग पुरेसा गडद नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं तर रंगात काहीच दोष नव्हता. तोच काळा धागा निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणला की मरगळलेला दिसत होता. रंग स्वतः कसा आहे यापेक्षा शेजारी कोण बसलंय यावर तो कसा दिसेल ते ठरतं, हा विचार त्यांनी १८३९ मध्ये पुस्तकात सविस्तर मांडला.

फोटोच्या कडेला हे जसंच्या तसं लागू होतं. खात्री करून घ्यायची असेल तर मधल्या करड्या रंगाचे दोन सारखे चौकोन काढा, एक काळ्या पार्श्वभूमीवर आणि एक पांढऱ्यावर. काळ्यावरचा उजळ वाटेल, पांढऱ्यावरचा काळवंडलेला. म्हणजे संध्याकाळच्या अंधुक फोटोला रुंद पांढरी कड लावली की तो आणखी अंधारा दिसणार. एकतर फोटो थोडा उजळायचा किंवा कड काळसर घ्यायची. काळ्या कडेत रंग उठून दिसतात, पण गडद सावल्या कडेत मिसळून जातात. आजीच्या फोटोत मागचं दार काळोखात आहे, काळी कड लावल्यावर दार आणि कड एकच झाली.

रंगीत कड लावायची असेल तर रंग फोटोतूनच उचलावा. गिम्पमध्ये ‘ओ’ ही कळ दाबली की रंग उचलायचं साधन हातात येतं. पण उचललेला रंग तसाच वापरू नका. फोटोतली हळदी रंगाची छोटी ठिपक्याएवढी जागा डोळ्याला सुखावते, तोच रंग चहूबाजूंनी पसरला की अंगावर येतो. रंगाच्या खिडकीत त्याचा भडकपणा अर्ध्यावर आणायचा, मग तो खूप उजळ किंवा खूप गडद करायचा. मधला राहिला तर तो फोटोशी भांडतो. आणि भडक रंग मोहात पाडत असेलच तर तो त्या ४ पिक्सेलच्या बारीक रेघेला द्यावा. पांढरी रुंद कड आणि तिच्या आत साडीच्या काठाच्या रंगाची एकच रेघ, यासारखी शोभा मी दुसऱ्या कुठल्या कडेत पाहिली नाही.

फाटलेली, विरलेली, करवतकाठी

आतापर्यंत कड म्हणजे फोटोबाहेरची जागा होती. आता फोटोचीच धार बदलायची, आणि त्यासाठी मास्क समजायला हवा. अनेकजण इथे थबकतात, पण कल्पना साधी आहे. मास्क म्हणजे फोटोवर टाकलेला करड्या छटांचा पडदा. पडदा जिथे पांढरा तिथे फोटो दिसतो, जिथे काळा तिथे लपतो, जिथे करडा तिथे अर्धवट दिसतो. काळा म्हणजे शून्य, पांढरा म्हणजे २५५, मध्ये सगळ्या पायऱ्या. महत्त्वाची गोष्ट ही की फोटोचा एकही पिक्सेल पुसला जात नाही. पडदा काढला की फोटो जसाच्या तसा.

फोटो धुक्यात विरत गेल्यासारखा हवा असेल तर आयताची निवड करायची, ‘सिलेक्ट’मधल्या ‘फेदर’ला ८० पिक्सेल द्यायचे आणि मग ‘ॲड लेयर मास्क’मध्ये ‘सिलेक्शन’ हा पर्याय घ्यायचा. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतचा उतार पसरट होतो, म्हणून धारही हळूहळू विरते.

फाटलेल्या कागदाची धार हवी असेल तर तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीमागचं कारण समजून घेतलं तर मजा येते. खाली पांढरा लेयर आहेच. फोटोवर कडेपासून ४० पिक्सेल आत आयताची निवड करा, तीच मास्क म्हणून लावा, निवड सोडून द्या आणि लेयरच्या यादीत मास्कच्या छोट्या चित्रावर क्लिक करा, म्हणजे पुढचं सगळं फोटोवर न होता पडद्यावर होईल. पहिली पायरी, ‘फिल्टर्स’मधल्या ‘नॉइज’खालचं ‘स्प्रेड’, साधारण २० पिक्सेल. हे साधन पिक्सेल इकडेतिकडे उधळतं. पडद्याच्या आत सगळं पांढरंच आणि बाहेर सगळं काळंच असल्यामुळे तिथे काही फरक दिसत नाही, फक्त सीमेवर काळे-पांढरे कण एकमेकांत मिसळतात. दुसरी पायरी, ‘गाऊशियन ब्लर’, ४ च्या आसपास. सुटे कण एकमेकांत वितळून करडे डोंगर-दऱ्या तयार होतात. तिसरी, ‘कलर्स’मधलं ‘लेव्हल्स’. तिथले काळा आणि पांढरा त्रिकोण एकमेकांजवळ सरकवा. करड्या छटांना कुठल्यातरी एका बाजूला जावंच लागतं, आणि धार पुन्हा तीक्ष्ण होते, पण आता ती सरळ नसून फाटल्यासारखी वेडीवाकडी असते. उधळण वाढवली तर धार जास्त खडबडीत, ब्लर वाढवला तर तिचे बाक मोठे आणि मऊ. तयार ‘फझी बॉर्डर’ हे साधन याच जातीचं काम एका बटणात करून देतं, पण हाताने केलं की काय केल्याने काय होतं ते कळतं.

गेल्या शतकाच्या मध्यावरचे कृष्णधवल फोटो ज्यांच्या घरी आहेत त्यांनी त्यांची नागमोडी कापलेली कड पाहिली असेल. काळ्या कागदाचा अल्बम, पानापानांमध्ये बटर पेपर, फोटोच्या चार टोकांना चिकटवलेले कोपरे, आणि ती करवतकाठी धार. तीसुद्धा मास्कवर होते: ‘डिस्टॉर्ट्स’मधलं ‘रिपल’ घ्यायचं, लाटेचा प्रकार त्रिकोणी, उंची ६ आणि लांबी २४ पिक्सेल, एकदा शून्य अंशात आणि एकदा नव्वद अंशात. मात्र इथे फोटोची धार नागमोडी करायची नाही. त्या फोटोंत आतल्या चित्राची कड सरळच होती, कापलेला होता तो भोवतालचा पांढरा कागद. म्हणून मास्क लावायचा तो पांढऱ्या लेयरला, आणि त्याच्याही खाली अल्बमच्या पानासारखा काळपट लेयर ठेवायचा.

नक्षीचा काठ

आता सगळ्यात कष्टाचा प्रकार. आपल्याकडे काठ म्हटला की नक्षी आलीच. पैठणीचा नारळी काठ असो की वारल्यांच्या लग्नातला चौक, ज्यात मधल्या पालघट देवीभोवती नक्षीची चौकट लिहितात. फोटोभोवती असं काही करायचं तर एक छोटा चौकोनी तुकडा काढायचा आणि तो रांगेत मांडत जायचा. गणित आधीच आपल्या बाजूने आहे. तुकडा ६० बाय ६० पिक्सेलचा घेतला तर १८०० च्या बाजूत ३० तुकडे बसतात, १२०० च्या बाजूत २०, आणि एक तुकडा रुंदीचा काठ सोडला की आत नेमके १६८० बाय १०८० उरतात. कुठेही अर्धं फूल कापलं जात नाही. माप असं पूर्ण भागत नसेल तर तुकड्याचं माप बदला, काठ ताणू नका. ताणलेली नक्षी लगेच ओळखू येते.

तुकडा कॉपी केला की गिम्प तो नक्षींच्या यादीत पहिल्या जागी ठेवतं. कॅनव्हासएवढ्या लेयरवर बकेटने ‘पॅटर्न फिल’ करायचं, सगळा लेयर नक्षीने भरतो, फोटो वर असल्याने मधला भाग झाकला जातो आणि बाहेर दिसतो तो काठ. चार पाकळ्यांच्या फुलासारखी चारी बाजूंनी सारखी दिसणारी नक्षी असेल तर एवढंच पुरे.

नारळी काठासारखी नक्षी असली की खरी परीक्षा. तिला वर-खाली अशी दिशा असते. वरच्या काठावर त्रिकोणांची टोकं आत वळलेली असतील तर बाजूच्या काठांवरही ती आतच वळायला हवीत. म्हणून एक आडवी पट्टी करायची, तिच्या प्रती नव्वद आणि एकशेऐंशी अंशांत फिरवून चारी बाजूंना लावायच्या. मग उरतो कोपरा. फ्रेमवाला पट्ट्या ४५ अंशांत कापून जोडतो, तसं इथे केलं तर दोन त्रिकोण अर्धवट कापले जाऊन भेटतात आणि ते ओंगळ दिसतं. कोपऱ्यासाठी ६० बाय ६० चा वेगळा तुकडा काढावा, एखादं फूल किंवा नुसता भरीव चौकोन. कोपरा जमला की बाकी काठावरचं लहानसहान खपून जातं.

नक्षीच्या काठात रंग दोनच ठेवा आणि फोटोत गर्दी असेल तर नक्षी लावूच नका. लग्नाच्या गर्दीच्या फोटोला साधी पांढरी कड, आणि एकट्या माणसाच्या शांत फोटोला नक्षी.

शेवटची कामं, त्यांच्या क्रमाने

क्रम चुकला तर मेहनत वाया जाते. आधी क्रॉप, मग फोटो अंतिम मापाला लहान करणं, मग धारदारपणा वाढवणं, आणि सगळ्यात शेवटी कड. कड लावून मग धारदारपणा वाढवला तर फोटो आणि कड यांच्या सीमेवर उजळ झालर दिसते, कारण ते साधन जिथे फरक दिसेल तिथे तो वाढवतं आणि कडेइतका मोठा फरक फोटोत दुसरीकडे कुठे नसतो. मोठ्या फोटोला २ पिक्सेलची रेघ काढून मग तो एकचतुर्थांश मापाचा केला तर रेघ जवळजवळ नाहीशी होते.

फाइल एक्ससीएफ या गिम्पच्या स्वतःच्या प्रकारात साठवून ठेवा, म्हणजे लेयर आणि मास्क सुटे राहतील. पाठवण्यासाठी जेपेग वेगळी काढा. पारदर्शक धार तशीच ठेवायची असेल तर पीएनजी.

इन्स्टाग्रामवर आडवा फोटो न कापता उभ्या जागेत बसवायचा असेल तर १०८० बाय १३५० चा कॅनव्हास घेऊन त्यात ९६० बाय ६४० चा फोटो, मध्यापेक्षा किंचित वर. पडद्याच्या बाबतीत एक लक्षात ठेवायचं: पांढऱ्या पानावर पांढरी कड दिसतच नाही आणि मोबाइल काळ्या पार्श्वभूमीवर असेल तर तीच डोळ्यांत भरते. दोन्हीकडे चालावी म्हणून कडेच्या अगदी बाहेर फिकट करडी एक रेघ द्यावी. घाईत असाल तर स्नॅपसीडमधल्या तयार फ्रेमही वाईट नाहीत, पण त्या प्रिंटसाठी नकोत. कागदाचं माप त्यांना माहीत नसतं.

प्रिंटला देताना ‘फोटो पूर्ण बसवा, कापू नका’ हे स्पष्ट सांगायचं आणि सगळ्या प्रती काढण्याआधी एकच काढून पट्टीने मोजायची. आजीच्या फोटोसाठी दुसऱ्या खेपेला मी तेच केलं. १४:९ मध्ये क्रॉप, ६० पिक्सेलची पांढरी कड, आत तिच्या लुगड्याच्या काठाची गडद लाल रेघ. एक प्रत हातात घेतली आणि मोजली. बाजूंना साडेतीन मिलिमीटर, वर चार, खालीही चार. मग उरलेल्या एकोणचाळीस काढायला सांगितल्या.